शोकाला जागा हवी

संयुक्त अरब अमिरातीत घरातला कर्ता माणूस अचानक गेला, की मागे राहिलेल्यांना सुरुवातीचे दिवस रडायला सवडच मिळत नाही. इस्पितळातून मृत्यूची नोंद करून घ्यायची, पोलिसांचा ना हरकत दाखला आणायचा, भारतीय कॉन्सुलेटमध्ये मृत्यू नोंदवून पासपोर्ट रद्द करायचा, व्हिसा रद्द करायचा. दुबईत असाल तर मुहैस्ना भागात, ज्याला आपली माणसं सोनापूर म्हणतात, शव टिकवण्याची प्रक्रिया होते आणि मग शवपेटी विमानातून मायदेशी जाते. एव्हाना बँकेला खबर लागलेली असते आणि खातं गोठवलेलं असतं. घरभाड्याचे पुढच्या तारखांचे चेक घरमालकाकडे असतात. बायकोमुलांचा निवासी परवाना बहुधा नवऱ्याच्या नोकरीला बांधलेला असतो, म्हणजे ज्याच्या नावावर त्या देशात राहायचं तोच गेलेला असतो.

गावी माणूस गेला की अंगण भरतं. शेजारीण चूल पेटू देत नाही, भाऊबंद लाकडांपासून दाखल्यापर्यंत सगळं बघतात, आणि ज्याचं माणूस गेलं त्याला फक्त बसून राहायची मोकळीक असते. शारजातल्या किंवा अजमानच्या एखाद्या इमारतीत सातव्या मजल्यावर राहणाऱ्या वसईच्या, अहिल्यानगरच्या किंवा जालन्याच्या बाईला हे अंगण कुठून मिळणार? तिथं शेजारी चांगले असतात, मित्रही धावून येतात; पण सगळेच नोकरीला बांधलेले, सगळेच उपरे. देशाच्या लोकसंख्येत दहातली जवळजवळ नऊ माणसं परदेशी आहेत. भारतीयच पस्तीस लाखांहून अधिक.

अशा परमुलखात ख्रिस्ती श्रद्धा शोक करणाऱ्याला नेमकं काय देते, हे मला इथं सांगायचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: ती दुःख घालवत नाही. ती दुःखाला जागा देते, वेळ देते आणि माणसं देते. अमिरातीसारख्या ठिकाणी या तीनच गोष्टींची सगळ्यात जास्त चणचण असते, म्हणून तिथं तिचं मोल ठळक दिसतं.

आधी शोकाबद्दल थोडं. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी 1969 साली मांडलेले पाच टप्पे आज सगळ्यांच्या तोंडी आहेत, पण त्यांचा मूळ अभ्यास मरणाच्या दारातल्या रुग्णांचा होता, मागे राहिलेल्यांचा नव्हता. नवरा गेलेल्या बाईनं आज नकार, उद्या राग, परवा स्वीकार असं पायऱ्या उतरल्यासारखं पुढं जावं, ही अपेक्षाच चुकीची. उत्रेख्त विद्यापीठातले मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी 1999 मध्ये जे मांडलं ते मला जास्त खरं वाटतं. त्यांच्या मते माणूस दोन टोकांमध्ये हेलकावत असतो. कधी तो गेलेल्याच्या आठवणीत बुडतो, कधी बदललेल्या आयुष्याची घडी बसवायला उठतो, आणि पुन्हा बुडतो. हे हेलकावणं निकोप आहे. दोन्हीपैकी एकच बाजू उरली तर ते अवघड होऊन बसतं.

अमिरातीत नेमकं हेच घडण्याची भीती असते. कागदपत्रं, भाडं, शाळा आणि व्हिसा यांच्या रेट्यात घडी बसवण्याची बाजू सगळा वेळ खाऊन टाकते आणि रडण्याची बाजू पुढं ढकलली जाते. सुदैवानं कायदा पूर्वीपेक्षा सैल झाला आहे. ऑक्टोबर 2018 पासून विधवा आणि घटस्फोटित स्त्रियांना व त्यांच्या मुलांना कुणाच्या आधाराशिवाय निवासी परवान्याची एक वर्षाची मुदतवाढ मिळू लागली. 1 फेब्रुवारी 2023 पासून मुस्लिमेतरांसाठी वेगळा संघीय व्यक्तिगत कायदा लागू झाला; मृत्युपत्र नसेल तर त्यानुसार अर्धी मालमत्ता जोडीदाराला आणि अर्धी मुलांना मिळते, मुलगा-मुलगी असा भेद न करता. एका वर्षाची मुदत ऐकायला छोटी वाटते. पण जिला महिनाभरात सामान बांधावं लागलं असतं तिला विचारा.

दुसरी एक गोष्ट परदेशातल्या माणसाला छळते, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. आई गावी वारली आणि रजा किंवा तिकीट न मिळाल्यानं मुलानं मातीला व्हिडिओ कॉलवरून हजेरी लावली. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला. साइटवर कुणाला ठाऊकही नाही. अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989 मध्ये अशा दुःखावर पुस्तक लिहिलं: समाज ज्याला दुःख म्हणून मान्यता देत नाही, ज्याला सुतक नाही, रजा नाही, भेटायला येणारे नाहीत, असं दुःख. नोकरी जाणं, घटस्फोट, गर्भपात, वीस वर्षांनी कायमचं परतणं, हे सगळं त्यात येतं. डोका हे स्वतः दीक्षित ल्युथरन पाळक आहेत, आणि म्हणूनच कदाचित त्यांना कळलं असावं की माणूस ज्या दुःखाबद्दल कुणाशी बोलू शकत नाही ते तो देवळात येऊन बोलतो.

आता त्या देवळांकडे वळू. अमिरातीत ख्रिस्ती उपासना उघडपणे आणि राज्यकर्त्यांच्या संमतीनं चालते. मुसलमानांमध्ये धर्मप्रसार करायला मात्र बंदी आहे. अबू धाबीत सेंट जोसेफचं पहिलं चर्च 1965 मध्ये उभं राहिलं, तेव्हाचे राज्यकर्ते शेख शखबूत यांच्या काळात. दुबईत तिथले राज्यकर्ते शेख रशीद यांनी दिलेल्या जमिनीवर 1967 मध्ये सेंट मेरीज झालं; आज ऊद मेथा भागात दिसतं ते मोठं देऊळ 1989 चं. त्या एकाच आवारात इंग्रजीबरोबर मल्याळम, कोंकणी, तमिळ, उर्दू, अरबी, तागालोग अशा भाषांत मिस्सा होतात. जवळच अँग्लिकनांचं होली ट्रिनिटी आहे, आणि त्याच्या सभागृहांमध्ये कितीतरी वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या आळीपाळीनं भरतात. 2021 संपेपर्यंत रविवार हा तिथं कामाचा दिवस होता, त्यामुळे ख्रिस्ती लोकांचा रविवार शुक्रवारीच साजरा व्हायचा. जानेवारी 2022 मध्ये शनिवार-रविवार सुटी आली तरी कित्येकांच्या बोलण्यात शुक्रवारची मिस्सा अजून आहेच.

ही भूमी ख्रिस्ती प्रार्थनेला अनोळखीही नाही. सर बनी यास बेटावर 1992 मध्ये पूर्वेकडच्या सिरियाक परंपरेचा एक जुना मठ सापडला, सातव्या-आठव्या शतकातला. 2022 मध्ये उम्म अल कुवेनजवळच्या सिनिया बेटावरचा दुसरा मठ जाहीर झाला. आणि अल ऐनमध्ये 1960 साली पॅट आणि मॅरियन केनेडी हे अमेरिकन मिशनरी डॉक्टर दांपत्य तेव्हा तिथला कारभार पाहणारे शेख झायेद यांच्या निमंत्रणावरून आलं आणि मातीच्या विटांच्या घरात त्यांनी इस्पितळ सुरू केलं. तेव्हा बाळंतपणात बाया आणि तान्ही मुलं सर्रास दगावत. केनेडी हे नाव स्थानिकांच्या जिभेवर कनद झालं, आणि 2019 मध्ये ओॲसिस हॉस्पिटलचं नाव अधिकृतपणे कनद हॉस्पिटल ठेवण्यात आलं. अमिरातीत ख्रिस्ती श्रद्धेनं बरं करण्याचं काम आधी असं, हातांनी केलं आहे.

शोकाच्या बाबतीत ही श्रद्धा काय करते? सगळ्यात आधी ती रडायला परवानगी देते. बायबलमधल्या 150 स्तोत्रांपैकी एक तृतीयांशाहून जास्त स्तोत्रं गाऱ्हाण्याची आहेत. त्यांत देवावर राग आहे, जाब विचारणं आहे, तू कुठं होतास असं ओरडणं आहे. 88 वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळही येत नाही. 137 वं स्तोत्र परागंदा झालेल्यांचं आहे. यरुशलेम उद्ध्वस्त झाल्यावर बाबिलोनला नेलेले लोक परक्या नदीकाठी बसून गाणं म्हणायला नकार देतात. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसले तोवर ते चांगले मित्र होते. बोलायला लागले आणि बिघडलं. लाजराच्या थडग्यापाशी येशू स्वतः रडला, पुढं काय होणार हे ठाऊक असूनही. आणि वधस्तंभावर त्यानं जो आक्रोश केला तो 22 व्या स्तोत्राच्या आरंभाचा होता. ज्या धर्माच्या केंद्रस्थानी दुःखानं हाक मारणारा देव आहे, त्या धर्मात रडणाऱ्याला अश्रद्ध म्हणणं बसतच नाही.

त्यानंतर ती वेळ बांधून देते. कॅथलिक कुटुंबात मृत्यूनंतर रोझरी होते, सातव्या दिवसाची मिस्सा होते, महिन्याची होते, वर्षाची होते. 2 नोव्हेंबरला सगळ्या मृतांची आठवण. वसईत त्या दिवशी दफनभूमी फुलांनी आणि मेणबत्त्यांनी भरून जाते. दुबईत थडगं जवळ नसतं, ते पापडीला किंवा मडगावला असतं. मग नाव लिहून दिलं जातं आणि मिस्सेत उच्चारलं जातं. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मृतांसाठी मिस्सा नसते, पण सांत्वनाची प्रार्थनासभा असते, पाळकसाहेब घरी येऊन बसतात, भजनं होतात. दोन्हींचा परिणाम एकच: पहिल्या आठवड्यानंतर जेव्हा बाकीचं जग विसरायला लागतं, तेव्हा पंचांगातली एक तारीख म्हणते की अजून संपलेलं नाही, या, बसा. कागदपत्रांच्या दिवसांत रडायचं राहून गेलेल्या माणसासाठी ही तारीख फार मोलाची आहे. श्ट्रोबे आणि शुट ज्या हेलकाव्याबद्दल बोलतात, त्याची रडण्याची बाजू इथं राखून ठेवलेली असते.

आणि ती माणसं देते. 5 फेब्रुवारी 2019 ला पोप फ्रान्सिस यांनी अबू धाबीच्या झायेद स्पोर्ट्स सिटीत मिस्सा केली. लाखाहून अधिक लोक आले होते, त्यांत ड्रायव्हर होते, नर्सेस होत्या, घरकाम करणाऱ्या बाया होत्या, इंजिनिअर होते. प्रवचनाचा विषय डोंगरावरच्या प्रवचनातली धन्यवचनं हा होता, ज्यांत शोक करणाऱ्यांना धन्य म्हटलं आहे. घरापासून दूर राहणं, जिवलगांच्या मायेला मुकणं आणि उद्याची खात्री नसणं हे सोपं नाही, हे त्यांनी त्या गर्दीला थेट सांगितलं. राष्ट्रप्रमुख म्हणून आलेल्या पाहुण्यानं परदेशी कामगाराच्या रिकामेपणाचं नाव घ्यावं, याचं त्या दिवशी कित्येकांना किती अप्रूप वाटलं असेल याची कल्पना करता येते.

आता आपल्याकडे, महाराष्ट्रात. दुःखातून ख्रिस्ताकडे गेलेल्या माणसांची मराठीत मोठी परंपरा आहे आणि तिच्यात दोन स्त्रियांची आयुष्यं सगळ्यांत वर ठेवावी लागतील.

पंडिता रमाबाईंचे आईवडील 1874 मध्ये, दुष्काळात तीर्थाटन करता करता, उपासमारीनं गेले. मग थोरली बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न केलं आणि 1882 मध्ये पटकीनं तेही गेले. मागे लहानगी मुलगी मनोरमा. म्हणजे पंचविशी गाठण्याआधी या बाईंनी अख्खं घर गमावलं होतं. 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण इथंच गोष्ट संपवायची घाई बरेच लेखक करतात. रमाबाईंनी स्वतःच्या साक्षीत स्वच्छ लिहून ठेवलं आहे की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षं त्यांना मनाची खरी शांती लाभली नव्हती. ती पुढं, हळूहळू, वाचत आणि झगडत आली. जखम भरायला आठ-दहा वर्षं लागली हे सांगायला त्यांना संकोच वाटला नाही. आणि भरली ती कशी? 1896-97 च्या दुष्काळाची बातमी आली तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या, कारण भुकेनं मरणारे आईबाप त्यांनी स्वतः पाहिले होते. तिथून त्यांनी शेकडो मुली आणि बाया आणल्या आणि दौंड तालुक्यातल्या केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. 1921 मध्ये मनोरमाही गेली. रमाबाई त्यानंतर जेमतेम नऊ महिने जगल्या, आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करण्याचं काम त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या वारल्या.

लक्ष्मीबाई टिळकांचं दुःख वेगळ्या जातीचं होतं. 10 फेब्रुवारी 1895 ला त्यांचे पती नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीन गेली. नवरा जिवंत, पण घर मोडलेलं. लोकांच्या नजरेत त्या ना सवाष्ण ना विधवा. डोका यांनी पुस्तक लिहिण्याच्या नव्वदेक वर्षं आधीचं हे मान्यता नसलेलं दुःख. पुढची काही वर्षं त्या नातलगांकडे लहान मुलाला घेऊन राहिल्या. मग नवऱ्याकडे परतल्या, पण आपल्या श्रद्धेसकट, आपल्या सोवळ्यासकट. सोवळं त्यांनी कुणाच्या आज्ञेनं सोडलं नाही. स्वतःशी विचार करून, पटल्यावर सोडलं, आणि 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. 1919 मध्ये टिळक गेल्यावर त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांनी पुढं नेलं. ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून छापून येऊ लागली, आणि मराठीत इतकं निर्मळ, इतकं हसतं-रडतं आत्मचरित्र दुसरं नाही. मला या दोघींच्या चरित्रातून दिसतं ते हेच, की श्रद्धेनं त्यांना घाई केली नाही. एकीला वर्षानुवर्षं लागली, दुसरीनं स्वतःच्या पावलानं अंतर कापलं. नोकरी गेली म्हणून वीस वर्षांचा संसार आवरून परतणाऱ्या दुबईकराला, किंवा घटस्फोटानंतर दोन मुलांसह नव्यानं सुरुवात करणाऱ्या बाईला, हा धीर फार उपयोगाचा आहे.

श्रद्धेची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. केनेथ पार्गामेंट या मानसशास्त्रज्ञांनी संकटातल्या धार्मिकतेचे दोन प्रकार दाखवले. देव माझ्यासोबत आहे, मंडळी माझ्यासोबत आहे असं मानणारा माणूस साधारणपणे लवकर सावरतो. देवानं मला शिक्षा केली, मला टाकलं असं मानणारा जास्त खचतो. म्हणून सांत्वनाला आलेल्या माणसाचं एक वाक्य औषधही होऊ शकतं आणि विषही. देवाची इच्छा, त्याला फूल आवडलं म्हणून त्यानं खुडलं, विश्वास ठेव आणि रडू नकोस: ही वाक्यं अमिरातीतल्या प्रार्थनागटांतही ऐकू येतात, केडगावातही, वसईतही. ती बंद व्हायला हवीत. तरुण मुलगा गमावलेल्या आईला देवानं तो मुद्दाम नेला असं सांगणं हे बायबललाही धरून नाही. ईयोबाला असंच समजावणाऱ्या मित्रांना त्या ग्रंथाच्या शेवटी देवानंच फटकारलं आहे.

शिवाय प्रार्थना डॉक्टरची जागा घेत नाही. सहा-सहा महिने, वर्षभर माणूस गेलेल्याच्याच विचारात रुतून बसला, खाणं-झोपणं-काम काहीच होईनासं झालं, आपणही जावं असं वाटू लागलं, तर तो रेंगाळलेल्या शोकाचा आजार असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात आणि 2022 च्या अमेरिकी मानसरोग पुस्तिकेत त्याची स्वतंत्र नोंद आहे आणि त्यावर उपचार आहेत. चांगला फादर किंवा पाळक अशा माणसाला समुपदेशकाकडे पाठवतो आणि स्वतःही भेटत राहतो.

या सगळ्यात एका माणसाचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. अजमानमध्ये राहणारे केरळचे अशरफ तामरश्शेरी कित्येक वर्षं, एक पैसा न घेता, परदेशात मेलेल्यांची शवं त्यांच्या देशी पोचवत आहेत. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान असा विचार न करता. त्यासाठी भारत सरकारनं त्यांना प्रवासी भारतीय सन्मान दिला. ते स्वतः मुसलमान आहेत. कित्येक ख्रिस्ती घरांत शवपेटी वेळेवर पोचली आणि मिस्सा होऊ शकली ती त्यांच्यासारख्यांमुळे. चर्चच्या आवारातलं सांत्वन अशा अनेक हातांवर उभं असतं.

वाचकांत अमिरातीत राहणारे असतील तर त्यांना काही विनंत्या. तुमच्या कुटुंबाचं मृत्युपत्र तिथल्या कायद्याप्रमाणे आजच नोंदवा आणि दोघांच्याही नावावर वेगवेगळी खाती ठेवा, म्हणजे मागे राहणाऱ्याला पहिले दिवस बँकेच्या दारात काढावे लागणार नाहीत. गरजूंना कॉन्सुलेटच्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून शव पाठवण्यासाठी मदत मिळू शकते, हे तुमच्या इमारतीतल्या आणि कॅम्पमधल्या लोकांना सांगून ठेवा. आणि ओळखीच्या घरात कुणी गेलं असेल, तर पहिल्या आठवड्यात डबा घेऊन जाच. पण तिसऱ्या महिन्यातही जा, गेलेल्याचं नाव घ्या, आणि ते बोलतील तेवढं ऐकून घ्या.